शब्दचर्चा: मूल्यमापनातल्या 'स्ट्रेंथ'ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल
चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यासाठी वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म मराठीत करते आहे. वरच्यांनी यंदा 'स्ट्रेंथ्स-बेस्ड' पद्धत आणली आहे. माणसाच्या उणिवा बुजवत बसण्यापेक्षा त्याला जे उत्तम येतं ते हेरायचं, शक्यतो तसंच काम द्यायचं आणि तेच वाढवायचं. फॉर्म भरणार लाइन सुपरवायझर, वाचणार ऑपरेटर. यंत्राने अनुवाद करून दिला 'शक्ती-आधारित दृष्टिकोन'. मी 'बलस्थान' घातलं आणि दोन सुपरवायझरांकडून नमुना भरून घेतला. एकाने लिहिलं 'मेहनती', दुसऱ्याने 'स्वभावाने चांगला'. यातून कोणाला कुठलं काम द्यायचं ते कसं ठरवणार? दुसरा शब्द सुचवा.

नाट्यवेडा
शक्ती-आधारित म्हणजे शिफ्टच्या आधी जोर-बैठका का? 'जमेची बाजू' घ्या की. स्वच्छ मराठी आहे.

टाकबोरू
स्वच्छ आहे, पण कशी वापरतो बघा. "बाकी यथातथाच, पण वेळेवर येतो ही एक जमेची बाजू." वहीखात्यातून आलेला शब्द, खर्चाची बाजू मागे उभी असतेच. कौतुक कमी, समजूत जास्त.

खरी गंमत 'कुवत'ची. मूळ अरबी, अर्थ बळ. नुसता कोश बघितला तर 'स्ट्रेंथ'ला हाच नेमका. पण मराठीत तो भेटतो कुठे? 'त्याची तेवढी कुवत नाही', 'कुवतीबाहेरचं काम'. 'वकूब'ही तसाच. मूळ अर्थ जाण, समज ('बेवकूफ'मधला वकूफ तोच). आपण मात्र 'आपला वकूब ओळखून राहा' असं सुनावण्यापुरता तो ठेवलाय. आवाका, ऐपत हीसुद्धा बरीचशी नकाराच्या पंगतीत जेवणारी मंडळी. माणसाला किती जमणार नाही हे सांगायला आपल्याकडे शब्दांची ददात नाही.

जुनी_फाईल
सरकारी कचेरीत तर हा नियमच होता. गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला लेखी कळवायचा, बाकीचे कपाटात. म्हणजे उणीव कागदावर कळणार, गुण नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयात देवदत्त विरुद्ध भारत सरकार हा खटला निकाली निघाला. सीमा रस्त्यांच्या सेवेतले अभियंते. एका वर्षी शेरा 'चांगला', आणि बढतीला हवा 'अतिशय चांगला'. 'चांगला' प्रतिकूल नाही म्हणून त्यांना कळवलाच नव्हता, आणि त्याच्यामुळेच बढती अडली. न्यायालयाने सांगितलं, प्रत्येक शेरा कळवा. तेव्हा ताई, नुसत्या 'चांगला'वर विसंबू नका.

मनुष्यबळवाली
(आमच्या खात्याच्या नावातच बळ आहे, ते कोणालाच दिसत नाही.) फॉर्म बहुतेक गॅलप या सर्वेक्षणवाल्या अमेरिकी कंपनीच्या 'स्ट्रेंथ्स' चाचणीच्या धर्तीवरचा असणार. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लिफ्टन यांच्या कामातून ती चाचणी आली, तिच्यात ३४ 'थीम' असतात. त्यांच्याकडे 'टॅलेंट' आणि 'स्ट्रेंथ' एक नाहीत. टॅलेंट उपजत, त्यावर ज्ञान, कौशल्य, सराव चढला की ती स्ट्रेंथ. तेव्हा टॅलेंटला 'कल' किंवा 'पिंड' आणि स्ट्रेंथला त्याहून पिकलेला शब्द हवा. दहावीच्या मुलांची घेत होते ती कलचाचणी, हातखंडा-चाचणी नव्हे.

टाकबोरू
पिकलेला शब्द तुम्हीच लिहून गेलात. गती, हातोटी, हातखंडा हे तीन शब्द घ्या. यांना कर्म पुरवल्याशिवाय वाक्य उभं राहत नाही. गती कशात? हातोटी कशाची? हातखंडा कशात? 'बलस्थान: मेहनती' असं लिहून सुटता येतं. 'मेहनतीत हातखंडा' लिहून बघा, लिहिणाऱ्यालाच हसू येईल. सुपरवायझरला कामाचं नाव घ्यावंच लागतं, म्हणजे त्याआधी माणसाकडे बघावं लागतं. ही अख्खी पद्धत तेवढ्यासाठीच तर आहे. त्या बघणाऱ्यालाही आपल्याकडे शब्द आहे: योजक. 'अयोग्यः पुरुषो नास्ति योजकस्तत्र दुर्लभः.' निरुपयोगी माणूस नसतोच, त्याला योग्य कामाला लावणारा योजक मात्र विरळा.

नाट्यवेडा
योजक म्हटलं की मला अजित वाडेकर आठवतात. मार्च १९९४, ऑकलंड. सिद्धूची मान आखडलेली. सचिनने सलामीला जाऊ द्या म्हणून गळ घातली. कर्णधार अझरुद्दीन आणि व्यवस्थापक वाडेकर यांनी ऐकलं. ४९ चेंडूंत ८२. तोवर मधल्या फळीत खेळून एकदिवसीय सामन्यात त्याचं एकही शतक नव्हतं. पहिलं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, सलामीलाच.

मनुष्यबळवाली
आणि २००३च्या विश्वचषकात द्रविडच्या हातात यष्टिरक्षणाचे ग्लोव्ह्ज दिले, ते काय त्याचा हातखंडा म्हणून? संघाला एक जादा फलंदाज खेळवायचा होता. प्रत्येकाला आवडीचंच काम मिळालं तर रात्रपाळीला कोण येणार? प्रशिक्षणवाले हा भाग गाळतात.

पाटीपेन्सिल
म्हणूनच 'सुधारणेस वाव' हा प्रगतिपुस्तकी रकाना काढलेला नाही, लहान केलाय. गॉगल न घालता ग्राइंडरवर उभा राहणारा कितीही गुणी असो, ते कुठेतरी लिहावं लागणारच.

पहिल्या रकान्याचा मसुदा असा: "यांना ______ यात चांगली गती आहे. मी हे ______ वेळी पाहिलं." 'यांना'मुळे त्याला-तिलाचा प्रश्नही मिटला.

लेथवरचा
इतका वेळ नुसतं वाचत होतो. 'गती' तेवढी काढा. शॉप फ्लोअरवर गती म्हणजे स्पीड. ऑपरेटर विचारेल, तासाला किती पीस धरलेत? आणि पुढच्या महिन्यात टार्गेट वाढलं की या रकान्यालाच शिव्या घालेल. आमच्यात 'हात बसलाय' म्हणतात. "थ्रेडिंगवर त्याचा हात बसलाय."

आणि 'मी पाहिलं'सोबत 'ऐकलं'ही ठेवा. आमच्याकडे एक जण आवाजावरून सांगतो की इन्सर्ट (धातू कापणारं पातं) घासलाय, बदला. जॉबला, म्हणजे कापायला लावलेल्या तुकड्याला, ओरखडे दिसायच्या आधी. त्याच्या फॉर्ममध्ये वर्षानुवर्षं 'कम्युनिकेशन वीक'.

टाकबोरू
मान्य. 'हात बसलाय'मध्ये सरावही आला. पण आवाज ओळखणाऱ्याचा हात कसा बसेल? त्याचा कान तयार आहे.

पाटीपेन्सिल
मग 'हातखंडा' छापते आणि खाली सूचना: 'हात बसलाय, कान तयार आहे, नजर पक्की आहे, असं तुमच्या शब्दांत लिहिलं तरी चालेल.' आत्ताच टूल रूमच्या सुपरवायझरांकडून एक भरून आलाय: "फोर-जॉ चकमध्ये (लेथच्या चार जबड्यांच्या पकडीत) जॉब सेंटरला आणण्यात हातखंडा. नवीन पोरं डायल लावून बराच वेळ झगडत होती तेव्हा पाहिलं. यांच्याकडे शिकाऊ दोन द्यावेत."

शेवटचं वाक्य फॉर्ममध्ये विचारलेलंच नव्हतं. त्यासाठी आता वेगळा रकाना करावा लागेल. त्याला काय म्हणू?