२६ जानेवारीचा पिक्चर, टाळ्या आणि ३ खुर्च्या

देशपांडे काकू (ए-३०२): सुप्रभात सर्वांना 🙏 पूजा छान झाली, प्रसादाचा शिरा पण मस्त, ज्यांनी मेहनत घेतली त्या सगळ्यांचे आभार. पण रात्रीच्या पिक्चरबद्दल बोलायलाच हवं. आमचा चौथीतला रात्री २ वाजता उठून बसला आणि विचारतोय की आई, त्या ताईने घरातल्याच माणसाला छत्री टोचून का मारलं. मी काय सांगू त्याला? कोणी निवडला हा पिक्चर?

सेक्रेटरी परब: सुप्रभात. केटररच्या खुर्च्या ६० आल्या होत्या, परत मोजल्या तर ५७. ज्यांच्याकडे ३ खुर्च्या असतील त्यांनी वॉचमनकडे द्याव्यात, टेम्पो ११ ला येतोय 🙏

अमेय (सी-५०१): काकू मी निवडला. २० तारखेला इथेच पोल टाकला होता, 'राझी'ला १४ मतं पडली. त्यात एक तुमचं पण होतं.

देशपांडे काकू: मला वाटलं देशभक्तीचा आहे, आलिया आहे, गाणी असतील. हे असं हेर म्हणून पाकिस्तानात लग्न करून जायचं आणि थोरल्या दिराला मारणं, घरच्या म्हाताऱ्या नोकराला गाडीखाली घेणं, हे मुलांसमोर लावण्यासारखं आहे का? आणि वर कोणीतरी टाळ्या वाजवतं. कोणी वाजवल्या ते मागच्या रांगेत बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे.

राणे (बी-२०४): माझ्या पोराचं नाव घ्यायचं असेल तर सरळ घ्या ना. हो, वाजवल्या त्याने. शत्रूचा मेजर मेला तर टाळ्या वाजवायच्या नाहीत तर काय करायचं, उभं राहून श्रद्धांजली वाहायची?

देशपांडे काकू: मी कोणाचं नाव घेतलं नाही.

राणे: गणपतीच्या वर्गणीच्या वेळी पण तुम्ही कोणाचंच नाव घेतलं नव्हतं. असो.

शिर्के वहिनी (ए-१०४): अहो सकाळी सकाळी कुठे वर्गणी 😄 माझ्या सासूबाईंनी पिक्चर बघून आल्यापासून माझी छत्री लपवून ठेवलीय, म्हणतात पावसाळा येईपर्यंत देणार नाही.

सावंत काका (सी-१०१): छत्रीवरून सांगतो. छत्रीच्या टोकातून विष देण्याची जी गाजलेली घटना आहे ती लंडनची, १९७८ ची, बल्गेरियाच्या एका लेखकाला तसं मारलं. पिक्चरमधला काळ १९७१. म्हणजे दिग्दर्शिकेने ७ वर्षं आधीच छत्री आणली.

शिर्के वहिनी: सावंत काका तुम्ही मध्यंतरात पण हेच सांगत होतात, माझा वडा थंड झाला ऐकता ऐकता.

सावंत काका: बरं मग हेही ऐका. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी आपल्या विक्रांत या विमानवाहू बोटीला शोधत विशाखापट्टणमला आली हे खरं. पण विक्रांत तिथे नव्हतीच, ती आधीच अंदमानकडे नेली होती आणि 'राजपूत' या आपल्या दुसऱ्या युद्धनौकेवरून खोटे संदेश सोडत होते की विक्रांत इथेच आहे. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी बुडाली. आपण म्हणतो राजपूतच्या मार्‍याने, ते म्हणतात आतल्या स्फोटाने. पिक्चर बघून मुलांना वाटेल एकट्या पोरीने सगळं केलं.

सेक्रेटरी परब: ३ खुर्च्या. लाल रंगाच्या, पाठीवर केटररचा शिक्का आहे. कृपया 🙏

राणे: माझा मुद्दा सगळे टाळतायत. प्रजासत्ताक दिन आहे. खाली सत्यनारायणाची पूजा, सकाळी झेंडावंदन, आणि रात्री गच्चीवर पिक्चर कुठला, तर ज्यात पाकिस्तानी ब्रिगेडियरचं घर एवढं गोड की आपल्यालाच त्यांचं वाईट वाटावं. नवरा गुणी, सासरे प्रेमळ, जाऊ मायाळू. मग वाईट कोण? आपण? १९७१ वर दुसरे पिक्चर नव्हते का?

अमेय: राणे काका, म्हणूनच तर चांगला आहे तो. सासरची माणसं राक्षस असती तर सेहमतला, म्हणजे आलियाला, काही कठीणच नव्हतं. बापाने देशासाठी लग्न लावून दिलंय, नवरा तिला वेळ देतो, जीव लावतो, आणि ती त्याच्याच घरातली माहिती बाहेर पाठवते. ती तिथल्या आर्मी स्कूलच्या मुलांना गाणं शिकवते ना, त्या गाण्यात देशाचं नाव कुठेच नाही बघा. मुलं गातात त्यांच्या देशासाठी आणि ही मनात गाते आपल्यासाठी, शब्द तेच. मी तर तिथेच संपलो.

राणे: तू संपलास कारण तू १९९९ नंतरचा. कारगिलच्या वेळी मी नोकरीला लागलो होतो, रोज संध्याकाळी टीव्हीवर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या बघायचो. मला त्यांच्या घरातले अश्रू बघायचे नाहीत. हे मत आहे माझं, बदलणार नाही.

देशपांडे काकू: आणि पिक्चर संपला १०.५० ला. १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, नियम २००० सालापासून आहे. माझ्या आईचं ऑपरेशन झालंय, तिला झोप लागत नव्हती, मी दोनदा मेसेज केला, कोणी बघितला पण नाही.

अमेय: सॉरी काकू, तो खरंच माझा दोष. पूजेला उशीर झाला, ७ चा पिक्चर साडेआठला सुरू केला, आवाज कमी करायला हवा होता.

देशपांडे काकू: ठीक आहे. बोललास ते बरं वाटलं.

शिर्के वहिनी: परब भाऊ, २ खुर्च्या आमच्या गॅलरीत सापडल्या, नणंद आली होती रात्री, मिस्टरांनी उचलून आणल्या आणि मला सांगितलं पण नाही. पाठवते.

सेक्रेटरी परब: आभार वहिनी. राहिली १ खुर्ची. टेम्पो आलाय, ड्रायव्हर थांबायला तयार नाही.

राणे: परब, बी विंगची लिफ्ट ४ दिवस बंद आहे त्याचं बघा आधी, खुर्चीचं काय घेऊन बसलात.

सेक्रेटरी परब: लिफ्टवाला उद्या येतोय. हे मी परवा पण लिहिलं होतं.

राणे: परवा पण 'उद्या'च लिहिलं होतं.

नात (बी-४०३): नमस्कार, मी आजीची नात. तिने सगळं वाचून दाखव म्हणून सांगितलं, मी दाखवलं. आता ती बोलतेय आणि मी टाइप करतेय, लिहिण्यात चुका झाल्या तर त्या माझ्या.

नात (बी-४०३): "राणे, तुम्ही म्हणालात त्यांच्या घरातले अश्रू बघायचे नाहीत. मी काल रडले ती त्याच घरासाठी. सेहमतसाठी नाही एवढी, तिच्या जावेसाठी, त्या मुनिरासाठी. तिचा नवरा घराबाहेर जातो आणि परत येत नाही, आणि जिने त्याला मारलं ती त्याच घरात तिच्या शेजारी वावरते, आणि हिला माहीत पण नाही. तुमच्या मुलाने टाळी वाजवली तेव्हा मी उठले, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसले. राग नाही आला त्याचा. लहान आहे. मला दुसरंच आठवलं.

आमचे हे नौदलाच्या खुकरी बोटीवर होते. ९ डिसेंबर १९७१, दीवच्या समोर. बोटीचे कप्तान मुल्ला साहेब बोटीबरोबर गेले, १८ अधिकारी गेले आणि १७६ खलाशी, त्या १७६ मध्ये आमचे. प्रेत नाही आलं. समुद्राने ठेवून घेतलं. मी २१ वर्षांची, माझी मुलगी ८ महिन्यांची, गिरगावात चाळीत राहत होतो, काचांना काळे कागद लावलेले ब्लॅकआउटसाठी, दिवसा पण खोलीत अंधार. १६ तारखेला ढाक्यात ९३ हजारांनी शस्त्रं टाकली तेव्हा चाळीत पेढे वाटले. खालच्या मजल्यावरचा एक पोरगा धावत आला आणि माझ्या हातावर पेढा ठेवून गेला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. काल टाळी वाजली आणि मला तो पेढा आठवला. एवढंच."

नात (बी-४०३): थांबा, अजून बोलतेय.

नात (बी-४०३): "बदल्याचं म्हणाल तर मी पण घेतला. पाकिस्तान लांब होतं, माझा दादा जवळ होता. नौदलाचा फॉर्म त्यानेच भरून घेतला होता ह्यांच्याकडून, आमच्या कोकणात तेव्हा सगळ्यांना तेच, एकतर गिरणी नाहीतर नौदल. मी म्हटलं तू मारलंस. ११ वर्षं राखी बांधली नाही, माहेरी पाय ठेवला नाही. आई दोघांच्या मध्ये. माझ्याकडे यायची तर त्याला सांगायची नाही, त्याच्याकडे राहायची तर मला सांगायची नाही, आणि दोन्हीकडे गप्प बसून जेवायची. त्या पोरीला नवरा की देश, तसं माझ्या आईला लेक की लेक. १९८२ ला दादा गिरगावात दारात येऊन उभा राहिला, राखी दुकानातून स्वतःच विकत घेऊन आलेला, कागदाच्या पुडीत. मी बांधली. आई तोवर गेली होती, तिने बघितलं नाही. पिक्चरमध्ये ती सेहमत परत येते ना पोटात त्याचं मूल घेऊन, आपल्याच माणसांच्या बॉम्बने नवरा गेलेला, आणि आपल्या साहेबावर चिडते की मला घरी जायचंय, तिथे मला आईचं ते गप्प जेवण आठवलं. अमेय, पिक्चर चांगला होता. पुढच्या वेळी आवाज कमी ठेव, देशपांडेंच्या आईला त्रास होतो."

देशपांडे काकू: आजी 🙏

शिर्के वहिनी: आजी १२ वर्षं झाली तुम्ही इथे, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मी हळदीकुंकवाला दरवर्षी तुमच्या दारावरून पुढे जाते. माफ करा मला. यंदा तुमच्याकडे पहिली येणार.

राणे: आजी, मी जे लिहिलं ते तुमच्यासाठी नव्हतं, मला माहीत असतं तर लिहिलंच नसतं. माझं मत तेच आहे, खोटं कशाला बोलू, मला तो पिक्चर नाही आवडला. पण पोराला संध्याकाळी वर पाठवतो. तुम्हीच सांगा त्याला काय सांगायचं ते, मला जमणार नाही.

नात (बी-४०३): आजी म्हणतेय पाठवा, पण रागावून पाठवू नका. त्यानेच काल मला अंधारात जिना उतरायला हात दिला.

राणे: हे तो घरी बोलला नाही.

सेक्रेटरी परब: टेम्पो गेला. १ खुर्ची कमी लिहून दिली आहे.

सावंत काका: आजी, मी सकाळपासून बोटींवर एवढं बोललो आणि जे सांगायला हवं होतं ते राहिलंच. तुमचं माहीत असतं तर आधी सांगितलं असतं. मी माझगाव डॉकमध्ये ३४ वर्षं काढली. नौदलाने खुकरी नावाची दुसरी बोट बांधायला दिली ती आमच्याकडे. १९८९ च्या ऑगस्टमध्ये ती नौदलात गेली. तिच्या पुढच्या भागातल्या वेल्डिंगवर मी होतो. आमच्या फोरमनने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे नाव कोणाचं आहे ते माहीत करून घ्या आणि मगच हात लावा, तेव्हा त्याने सगळ्यांना दीवची गोष्ट सांगितली होती. ३२ वर्षं चालली ती, २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त केली. आता दीवलाच नेऊन ठेवली आहे, लोकांना बघायला. जुन्या खुकरीचं स्मारक पण तिथेच आहे, टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, काचेत बोटीची प्रतिकृती आहे.

नात (बी-४०३): काका मी वाचून दाखवलं. दोनदा वाच म्हणाली.

अमेय: सावंत काका हे तुम्ही कधीच बोलला नाहीत.

सावंत काका: कोणी विचारलं नाही. आणि कामाचं काय सांगायचं, काम होतं ते.

नात (बी-४०३): परब काका, एक राहिलं. ती खुर्ची आमच्याकडे आहे. काल टाकीपाशी आजी जिच्यावर बसली होती ती. लिफ्ट बंद म्हणून राणे काकांच्या मुलाने प्रत्येक मजल्यावर खुर्ची खाली ठेवली, आजी थोडी बसायची, मग पुढचा मजला. दारात राहिली आहे, मी आत्ता आणून देते.

सेक्रेटरी परब: राहू दे बाळा. केटररला मी पैसे देऊन टाकतो. लिफ्ट चालू होईपर्यंत ती खुर्ची चौथ्या मजल्यावरच असू दे.

शिर्के वहिनी: आणि नंतर पण.

नात (बी-४०३): आजी विचारतेय सावंत काका आज घरी आहेत का. दीवला कसं जातात, बोटीवर आत चढू देतात का, पायऱ्या किती आहेत, सगळं विचारायचंय तिला. ती खाली यायचं म्हणतेय.

सावंत काका: त्यांना खाली उतरवू नकोस. ५ वाजता मीच येतो वर.