मदत हवी आहे: ‘पॉयरो’चा शेवटचा भाग बाबांना दाखवावा का?

(पुढे ‘कर्टन’ या शेवटच्या भागातलं सगळं रहस्य उघड केलं आहे. तो पाहायचा राहिला असेल तर कृपया इथेच थांबा.)

नमस्कार मंडळी,

डेव्हिड सूशेने पॉयरो या गुप्तहेराची भूमिका केलेली ‘अगाथा ख्रिस्तीज पॉयरो’ ही आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीची मालिका आमच्या घरी पहिल्या भागापासून क्रमाने बघून झाली आहे. सत्तर भागांपैकी शेवटचा तेवढा राहिलाय. मी तो एकटीने आधी बघून घेतला आणि आता बाबांसमोर लावायला मन धजत नाही. ज्यांनी तो पाहिला आहे, विशेषतः घरातल्या वयस्कर, आजारी माणसाबरोबर पाहिला आहे, त्यांचा सल्ला हवा आहे.

बाबांविषयी आधी सांगते. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. संधिवाताने गुडघे धरल्यापासून त्यांचं खाली उतरणं जवळजवळ बंद झालं आहे. हृदय कमजोर आहे, सदऱ्याच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी कायम असते. डोकं मात्र तल्लख. सेशन्स कोर्टात बेंच क्लार्क म्हणून नोकरी झाली, त्यामुळे साक्ष, पुरावा, उलटतपासणी हे शब्द आमच्या घरात भाजी-आमटीइतके रोजचे. कोर्ट सुटलं की ते नरिमन पॉइंटच्या ब्रिटिश कौन्सिल लायब्ररीत जात आणि तिथून पॉयरोच्या डीव्हीडी आणत. नंतर भावाने पूर्ण संचच घेऊन दिला आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आमच्याकडे बघण्याची एक रीत आहे. पॉयरो सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, तिथे बाबा रिमोटने थांबवतात आणि प्रत्येकाला आपला निकाल द्यायला लावतात. कारणासकट. नुसतं ‘मला वाटतं’ चालत नाही. माझं लग्न झालं, भाऊ पुण्याला गेला, तरी रविवारी जमलो की हे चालूच राहिलं. गेल्या काही वर्षांत बाबांचं बाहेरचं जग जसजसं आटत गेलं, तसा या मालिकेला त्यांच्या आठवड्यात फार मोठा वाटा मिळाला. म्हणून ‘एक भाग नाही बघितला तर काय बिघडलं’ असं मला म्हणता येत नाही.

पॉयरो शेवटी मरतो हे बाबांना माहीत आहे. ख्रिस्तीबाईंनी ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून कुलपात ठेवली होती, ती १९७५ साली बाहेर आली. त्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर पॉयरोची मृत्यूवार्ता छापली होती, ही हकीकत बाबाच आम्हाला सांगतात. जानेवारी १९७६ मध्ये बाई स्वतः गेल्या. पण कादंबरी त्यांनी मुद्दाम वाचलेली नाही, क्रम मोडायचा नाही म्हणून. तेव्हा पॉयरो मरतो एवढं ठाऊक आहे. मरण्याआधी काय करतो, ते ठाऊक नाही.

माझी भीती दोन गोष्टींची आहे आणि त्या दोन्ही वेगळ्या आहेत.

पहिली, त्याचं आजारपण. या भागात पॉयरो चाकाच्या खुर्चीत आहे, हात सांध्यांनी वाकडे झालेले, हृदय थकलेलं, आवाज खोल गेलेला. सूशेने या भूमिकेसाठी वजन उतरवलं होतं आणि ते चेहऱ्यावर दिसतं. एवढं असतं तरी चाललं असतं. पण शेवटी झटका येतो तेव्हा आपलं औषध तो जाणूनबुजून घेत नाही. मी ते बघितलं आणि पहिली आठवण बाबांच्या सदऱ्याच्या खिशाची झाली. मधूनमधून ते ‘आता पुरे झालं’ असं बोलतात. त्याबद्दल आमच्या डॉक्टरांशी बोलणं झालं आहे आणि ते त्यांच्या परीने लक्ष घालत आहेत, त्यामुळे वैद्यकीय सल्ला इथे मागत नाही. पण अशा मनःस्थितीत हा प्रसंग समोर यावा का, हे मला ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त अवघड वाटते. या भागातला खलनायक नॉर्टन हा बुजरा, मृदू बोलणारा, दुर्बीण घेऊन पक्षी बघणारा माणूस. तो स्वतः कुणाला हात लावत नाही. समोरच्याच्या मनातला राग ओळखतो आणि दोन शब्द असे टाकतो की तो माणूस खुनापर्यंत पोचतो. खुद्द हेस्टिंग्ज, पॉयरोचा जुना मित्र, आपला भाबडा हेस्टिंग्ज, मुलीच्या काळजीपोटी एकाला विष घालायला निघतो. पॉयरो त्याला झोपेचं औषध देऊन थांबवतो म्हणून वाचतो. पॉयरोच्या मते नॉर्टनला कायद्याने पकडता येणार नाही, आणि म्हणून पॉयरो स्वतः त्याला गोळी घालतो. इतकी वर्षं ज्याने खून कधी योग्य मानला नाही तो. तपासात ती आत्महत्या ठरते. खरं काय ते चार महिन्यांनी हेस्टिंग्जच्या हाती पडलेल्या पत्रातून कळतं.

ज्या माणसाने सारी हयात कोर्टात घालवली, त्याला हे बघून काय वाटेल? बाबा जुन्या, २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचं कलम १०७ काढून बसतील हे मला आत्ताच दिसतंय. अपप्रेरणेचं, म्हणजे दुसऱ्याला गुन्ह्यासाठी चिथावण्याचं कलम आहे, पुरावा जमवता आला असता, पॉयरोसारख्या माणसाला जमला नसता का, असं ते विचारतील. आणि वाद घालतील तर बरंच आहे. वाद न घालता गप्प बसले तर मला काळजी वाटेल.

असं एकदा झालेलं आहे. २०१० सालचा ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल, त्यातला पॉयरो गुन्हेगारांना सोडून देतो पण ते त्याला सोसत नाही. शेवटी बर्फातून चालत जातो तेव्हा हातात जपमाळ असते आणि डोळ्यांत पाणी. त्या रात्री बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, “त्याने केलं ते चूकच. पण चूक करून तो सुखाने झोपला नाही, एवढ्यासाठी मी त्याला मानतो.” हे वाक्य आठवलं की वाटतं, बाबा ‘कर्टन’ आमच्यापेक्षा नीट समजून घेतील. माझ्या मते तिथे औषध न घेणं म्हणजे आजाराला कंटाळणं नाही. आपण केलं ते योग्य की अयोग्य हे पॉयरोला ठरवता येत नाही, म्हणून तो निवाडा देवावर सोडतो. सूशेने त्याची श्रद्धा ज्या गांभीर्याने उभी केली आहे त्यामुळे मला तरी ते प्रायश्चित्तासारखं दिसलं. पण मी धडधाकट आहे. खुर्चीत बसून राहावं लागणाऱ्या माणसाला ते सुटकेसारखं दिसेल का? इथे माझी मती खुंटते. तुम्हाला तो प्रसंग कसा वाटला, हे जरूर लिहा.

घरात एकमत नाही. आईचं म्हणणं, दाखवूच नकोस, मालिका संपली म्हणून सांग. भाऊ म्हणतो, बाबांच्या वतीने ठरवणारे आपण कोण. मला भावाचं पटतं, पण रात्री त्यांच्या उशाशी आई असते, तो नसतो.

एक बाजू अशीही आहे की या भागात त्यांना आवडेल असं खूप आहे. जिथून या जोडीची गोष्ट सुरू झाली त्या स्टाइल्सच्याच घरात ती संपते. ह्यू फ्रेझरचा हेस्टिंग्ज आहे, म्हातारा झालेला. आणि नॉर्टनची सगळी घडण शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधल्या, कान भरणाऱ्या इयागोची आहे. कादंबरीत तर पॉयरो हेस्टिंग्जसाठी खूण म्हणून ‘ऑथेल्लो’ची प्रतच मागे ठेवतो. बाबांना देवलांच्या ‘झुंजारराव’मधले, म्हणजे ‘ऑथेल्लो’च्या मराठी रूपांतरातले उतारे अजून पाठ आहेत. नॉर्टन नुसता बोलत राहतो आणि भोवतीची माणसं एकेक करून बिघडत जातात, हे हेस्टिंग्जच्या कितीतरी आधी बाबांच्या लक्षात येईल. तो आनंद त्यांच्यापासून हिरावून घ्यावासा वाटत नाही.

मला सुचलेला एक मार्ग सांगते, कसा वाटतो बघा. शेवटच्या पाच भागांपैकी ‘कर्टन’चं चित्रीकरण सगळ्यात आधी उरकलं होतं आणि सर्वांत शेवटी ‘डेड मॅन्स फॉली’ चित्रित झाला, तोही ख्रिस्तीबाईंच्या स्वतःच्या ग्रीनवे या डेव्हनमधल्या घरी. पॉयरोच्या मरणावर काम संपू नये, अशी सूशेचीच इच्छा होती. प्रक्षेपणात ‘कर्टन’ शेवटी आला, १३ नोव्हेंबर २०१३ ला. मग आपणही एका दुपारी ‘कर्टन’ बघावा, आणि त्याच संध्याकाळी चहानंतर ‘डेड मॅन्स फॉली’ पुन्हा लावावा. नदीकाठचं ते घर, नीटनेटका, चालता-बोलता पॉयरो. सूशेने ज्या क्रमाने निरोप घेतला त्या क्रमाने आपण घेतला, असं बाबांना सांगताही येईल. त्यांना असा तपशील आवडतो. पण लागोपाठ दोन मोठे भाग त्यांना झेपतील का, ही शंका आहेच.

आता तांत्रिक अडचण. बाबांना कमी ऐकू येतं, इंग्रजी सबटायटल्स लागतात. या भागात पॉयरो बराच वेळ क्षीण आवाजात बोलतो आणि शेवटचं पत्र त्याच्याच आवाजात ऐकू येतं, त्यामुळे अक्षरं मोठी दिसणं गरजेचं आहे. डीव्हीडीवरची सबटायटल्स चित्राच्या रूपात असतात, ती टीव्हीवर मोठी करता येत नाहीत. वेगळी सबटायटल फाइल घेऊन लॅपटॉपवरून टीव्हीला जोडणं हा उपाय मला समजला आहे, पण ती डीव्हीडीशी मागेपुढे होते. ती जुळवायची कशी, हे कुणी सोप्या शब्दांत सांगेल का?

थोडी भर: इतक्या आपुलकीने लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. काही जणांनी सुचवलं की तबकडी खराब निघाली असं सांगून टाका. ते मला करायचं नाही. बाबा माझ्यावर विश्वास ठेवून मान डोलावतील आणि विषय संपेल, म्हणूनच नको.

आधी पुस्तक वाचून दाखवण्याची सूचना मात्र मनापासून आवडली. बघताना प्रसंग अंगावर येतो, वाचताना हात वर करून मला थांबवता येतं. निदान शेवटचं पत्र तरी पुस्तकातून मोठ्याने वाचावं आणि मग भाग बघावा, असा विचार चालू आहे. आईलाही हे थोडंफार पटलंय.

बहुतेकांचं म्हणणं, त्यांनाच विचारा. बरोबर आहे, विचारणार आहे. अडचण एवढीच की बाबांना अर्धं वाक्य सांगितलं तरी उरलेलं ते स्वतः ओळखतात. ‘पॉयरो असं काही करतो जे तुम्हाला पटणार नाही’ असं म्हटलं की झालं, रहस्य तिथेच फुटलं. ‘शेवट जड आहे’ एवढंच म्हटलं तर ते म्हणतील, मरतो तो, माहीत आहे मला, लाव. आणि औषध न घेण्याचा प्रसंग बेसावधपणे समोर येईल. त्यांना सावध करणारं पण खून कोण करतो ते न फोडणारं एखादं वाक्य सुचत असेल तर सांगा. भाऊ रविवारी यायचा आहे, त्याआधी बोलून ठेवायचं आहे. सबटायटल जुळवण्याबद्दल कुणाला नक्की माहिती असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.