सल्ला हवा: भोपळ्याची मसाला बिअर, चारातले तीन कॅन उरलेत

तेरणाकाठ (धागाकर्ता)

लातूरहून राम राम मंडळी. मेहुणा अमेरिकेहून दिवाळीला आला तो चार उंच कॅन घेऊन. एकेक ४७३ मिलीचा. विमानतळावर माणशी दोन लिटरच बिनकराचं आणता येतं, म्हणून पाचवा बसला नाही. कॅनवर नारिंगी भोपळा, त्याला दात. अल्कोहोल ७ टक्के. घटक वाचले तर भोपळा, दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ. म्हटलं ही बिअर आहे का घारग्यांचं पीठ?

पहिला कॅन तासभर फ्रीजरमध्ये ठेवून स्टीलच्या पेल्यात ओतला. सोबत शेव-चिवडा आणि ठेचा-भाकरी. नाकाशी धरला तर शेजारच्या घरात पुरण शिजतंय असं वाटलं. घोट घेतला तर आधी पाणी, मग कडू, मग तोंडात नुसती आग. मेहुणा म्हणतो, "दाजी, तुम्हाला नाही कळायचं." हे मला जरा लागलं.

येळवस (वेळ अमावस्या) नुकतीच झाली, आंबिलीची चव अजून जिभेवर आहे. येत्या रविवारी शेतात हुरडा आहे. आम्ही सहा जण, सगळे चाळिशीपुढचे. उरलेले तीन कॅन तिथं काढायचे म्हणतो. सोबत खायला काय ठेवू? शेतात फ्रीज नाही, विहिरीत सोडले तर गार होतील का? आणि आवडलीच तर असलं काही इकडं मिळतं का?

बिनकामाचा पाटील

कामून त्रास करून घेता? भोपळा भाजीत घाला, बिअर आमच्याकडं पाठवा.

माल्टोबा

वाळूजला बिअरच्या कारखान्यात, क्वालिटीत, ९ वर्षं काढली. त्यामुळे राहवत नाही, लांबलचक लिहितोय.

तुमची चूक फ्रीजर. इतक्या गार बिअरचा वास वर येतच नाही आणि जीभ बधिर होते, उरतो तो कडवटपणा. साधी लागर, म्हणजे आपली नेहमीची बिअर, गार प्यायला ठीक, कारण तिथं फार काही शोधायचं नसतं. मसाल्याची, ७ टक्क्यांची बिअर १० ते १२ अंशावर बोलायला लागते. विहिरीचं पाणी आपल्याकडं पंचविसाच्या आसपास असतं, तेवढ्यानं भागणार नाही. घरी फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा (फ्रीजर नाही), थर्मासच्या डब्यात घालून न्या, आणि प्यायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं बाहेर काढून ठेवा.

पेला काचेचाच घ्या, तोंडाशी थोडा आत वळलेला. वाईनचा चालेल. अर्ध्याच्या वर भरू नका, वरची मोकळी जागा वासासाठी असते. पहिला घोट घ्यायच्या आधी दोनदा हुंगा. घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकानं श्वास सोडा. जायफळ आणि लवंग तिथं सापडतात, जिभेवर नाही.

आता पुरणाचं. जायफळ आपण श्रीखंडात, बासुंदीत, पुरणात घालतो. म्हणून आपलं नाक ते हुंगलं की गोडाची वाट बघायला लागतं. बिअरमधली माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची) बरीचशी साखर यीस्टनं खाल्लेली असते, वर हॉप्सचा, म्हणजे एका वेलीच्या फुलांचा, कडवटपणा. नाकाला मिळालेला निरोप आणि जिभेवर आलेला माल जुळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला हे सरावतं, म्हणून एका घोटावर निकाल देऊ नका.

भोपळ्याच्या चवीची तर वाटच बघू नका. भोपळा उकळला, गाळला, आंबवला की मागं फारसं काही राहत नाही. अमेरिकेत माल्टचा तुटवडा होता त्या जुन्या काळात लोक भोपळा वापरायचे. पुढं १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात हेवर्डच्या बिल ओवेन्सनं ही बिअर पुन्हा केली. भोपळ्याची चव उतरेना, तेव्हा त्यानं 'पंपकिन पाय' या तिकडच्या भोपळ्याच्या गोड पदार्थात पडणारे मसाले घातले. तेव्हापासून लोक ज्याला भोपळ्याची चव म्हणतात ती दालचिनी-जायफळाची.

तेरणाकाठ

माल्टोबा, हे मेहुण्याला फॉरवर्ड केलं. एक शंका. साध्या बिअरमध्ये घरचा मसाला घातला तर?

दगडफूल

घालू नका. मी गरम मसाल्याची चिमूट घातली होती. पूड पडली की सगळा गॅस एकदम सुटतो. अर्धी बाटली टेबलावर, पाव भाग माझ्या मांडीवर, उरलेल्यात तळाशी गाळ. बायकोनं पुसायचं फडकं दिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

माल्टोबा

मसाला उकळीच्या शेवटी पडतो, नाहीतर दारूत भिजवून त्याचा अर्क नंतर मिसळतात. आणि गंमत म्हणजे काही बिअरमध्ये लवंगेचा वास येतो पण लवंग नसते. जर्मनीची गव्हाची बिअर बघा, तो वास यीस्ट तयार करतं. तिथं बव्हेरियात १५१६ च्या कायद्यानं बिअरमध्ये मसाल्याला जागाच ठेवली नव्हती. शेजारी बेल्जियमवाले मात्र धने आणि संत्र्याची साल टाकून मोकळे.

चिंचपाणी

खाण्याचं मी सांगते, कारण ठेचा-भाकरीबरोबर प्यायलात हे वाचून जीव कळवळला. मिरचीची आग बिअरमधल्या अल्कोहोलनं आणि गॅसनं आणखी भडकते, कडवटपणाही टोचायला लागतो. हुरड्याच्या जेवणात लसणाची लाल चटणी असतेच, ती त्या अर्ध्या तासापुरती ताटाबाहेर ठेवा. शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी ठेवा, कमी तिखटाची. घट्ट दही ठेवा.

खरी जोडी हुरड्याचीच. आगटीत गोवऱ्यांवर भाजलेलं गूळभेंडीचं (हुरड्याच्या ज्वारीचं) कणीस हातावर चोळलं की जो गोडसर, धुरकट वास येतो तो भाजलेल्या माल्टच्या जवळचा आहे. कणीस गरम असतानाच एक मूठ, मग घोट. गार झाल्यावर मजा गेली.

घारगे करणार असाल तर गूळ निम्मा घाला. पदार्थ बिअरपेक्षा गोड झाला की बिअर पातळ आणि कडू लागते, मग परत वास पुरणाचा आणि घोट कडू. जायफळही वगळा, ते बिअरमध्ये आहेच. तीळ लावा.

पैठणगेट

आमच्या संभाजीनगरकरांना विचाराल तर नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. खलियातला खडा मसाला आणि ही बिअर, भांडण नाही. पण लातूरला तो कोण करून देणार, म्हणून सोडून देतो.

मिळण्याबद्दल: भोपळ्याची आपल्या बाजूला मला कधी दिसली नाही. धने-संत्र्याच्या बेल्जियन धाटणीच्या मिळतात. ह्यूगार्डन (बेल्जियमातल्या त्याच नावाच्या गावची) मोठ्या दुकानात विचारा. ही धाटणी त्या गावात बंदच पडली होती, पिएर सेलिस नावाच्या माणसानं १९६६ मध्ये पुन्हा सुरू केली. ती हलकी असते, तुमच्या कॅनसारखी थंडीतली नाही, उन्हाळ्यात धपाटे-दह्याबरोबर झकास. पुण्याला जाणं होत असेल तर मायक्रोब्रुअरीत (बिअर तिथंच करून देणाऱ्या ठिकाणी) "सीझनल काय आहे?" एवढंच विचारा. तिथं २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, नंतर बरीच झाली. आधी छोटा सॅम्पल मागा, देतात. आवडला तरच मोठा ग्लास.

माल्टोबा

आणि परतीला गाडी चालवणारा हुरडाच खाईल, हे आधी ठरवा.

तेरणाकाठ

अहवाल. सहातला एक ड्रायव्हर ठरला. दोन कॅन, म्हणजे ९४६ मिली, पाच जणांत. माणशी दोनशेच्या आत. घरचे काचेचे सरबताचे ग्लास नेले होते. कॅन बाहेर काढून ठेवले आणि आगटी पेटेपर्यंत अर्धा तास गेलाच.

काय सांगू, तीच बिअर नव्हे ही. आधी दालचिनी, मग भाजल्या ब्रेडसारखं काहीतरी, आणि गिळल्यावर नाकात लवंग. कडू आहे, पण ते मागं राहतं. गरम हुरड्याबरोबर तर दोघं जण गप्पच झाले. कारळाची चटणी चालली. शेंगदाण्याच्या चटणीत आमच्या बंडूनं हौसेनं मिरची वाढवली होती, तिच्यामुळे त्याचा ग्लास वाया गेला. त्याला बजावलं होतं.

चुलत्यांनी एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला. "आंबिलीत कुणी जायफळ घातलंय," म्हणाले, आणि ताकाचा तांब्या मागवला.

तिसरा कॅन मुद्दाम ठेवलाय. मेहुणा म्हणतो, पुढच्या हुरड्याला काढू.

माल्टोबा

नका ठेवू. आधी उडतो तो मसाल्याचा वास. कॅनच्या तळाला भरल्याची तारीख बघा.

तेरणाकाठ

ऑगस्ट. मग आज संध्याकाळीच. घारगे मी तळतो, गूळ निम्मा.