मदत हवी आहे: मशीन एक, पोरं अठ्ठावीस. एक जण वेल्डिंग करतो तेव्हा बाकीच्यांचं काय करू?

जुना_टाका (ठाणे)

नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं ग्रिल, शटर, जिने केले. गाळा आता मुलगा बघतो. घराजवळच्या शाळेने विचारलं, नववीच्या मुलांना दर शनिवारी दोन तास फॅब्रिकेशन शिकवाल का, आणि मी हो म्हणून बसलो. हाताखाली कारागीर तयार केलेत, पण एकेक करून. इथे अठ्ठावीस जण, त्यात अकरा मुली, आणि २०० अँपिअरचं एकच इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन.

जागा म्हणजे मागची सायकल शेड. पहिल्या शनिवारी सगळ्यांना दहा फुटांवर उभं केलं, माझ्याकडे पाठ फिरवा म्हटलं आणि अँगलच्या (L आकाराच्या लोखंडी पट्टीच्या) तुकड्यावर दोन इंच वेल्डिंग मारून दाखवलं. पाठ फिरवलीही सगळ्यांनी. रात्री साडेदहाला एका आईचा फोन: "सर, ह्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय, उघडतच नाहीयेत." सकाळी कळलं, आणखी एकीला तेच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध दिलं, दोन दिवसांत दोघंही बरी झाली. झोप माझी उडाली. सोळाव्या वर्षी हेल्पर असताना मी हे भोगलंय, बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून रात्रभर रडलोय. तेव्हा कोणी विचारत नव्हतं. पण ही दुसऱ्याची पोरं आहेत.

तर, बघणाऱ्यांचे डोळे कसे सांभाळायचे? हातात होल्डर (वेल्डिंगचा रॉड धरायची मूठ) देण्याआधी काय शिकवायचं? कारण सगळ्यांना पहिल्या मिनिटाला ठिणग्याच हव्यात. आणि बनवायला काय द्यावं? शाळेचे सेक्रेटरी म्हणतात, मागचं गेट मोडलंय, तेच पोरांकडून करून घ्या. मला ते पटत नाहीये.

आयटीआयवाले_सर (कोपरखैरणे)

शेडचा पत्रा नवा आहे का?

जुना_टाका

हो सर, ॲल्युमिनिअमचा, चकचकीत. का?

आयटीआयवाले_सर

मग चोर सापडला. पाठ तुमच्याकडे, पण तोंड पत्र्याकडे. चकचकीत पत्र्यावरून वेल्डिंगचा प्रकाश परत फिरतो. शिवाय एखाद्याने मान वळवलीही असेल, चौदा वर्षांचं पोर आहे. पत्र्यावर जाड गोणपाट सोडा, वेल्डिंगची जागा तीन बाजूंनी पडद्याने बंद करा. कॅनव्हास चालेल, प्लॅस्टिकची ताडपत्री नको, ठिणगीने भोकं पडतात आणि पेटते. हवा खेळती राहू दे, धूर कोंडू नका. आत एका वेळी दोघंच, करणारा आणि बघणारा, दोघांच्या हातात डोळ्यांसमोर धरायची १० नंबरची गडद वेल्डिंग काच. बाकीचे पडद्याबाहेर.

आणखी एक. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपचे तुकडे फुकट मिळतात म्हणून पोरांना देऊ नका. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. आपले लोक त्यावर गूळ खातात, पण धूर नाकात न जाणं हाच खरा उपाय.

नववीची_आई (ऐरोली)

काका, गणवेशाचं बघितलंत का? आमच्याकडे टेरिकॉट आहे. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. सुती पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घरून आणायला सांगा, आणि सँडल नको, बंद बूट. वेण्या आत खोचायच्या, ओढणी, टाय काढून ठेवायचे. पुन्हा कोणाला डोळ्यांचा त्रास झालाच तर मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून घालू देऊ नका, त्याने बुबुळाची जखम भरत नाही. आणि गेटबद्दल तुमचं बरोबर आहे.

पाबळ_रिटर्न

मी शाळेत असताना आयबीटी (हाताने काम करत तंत्रज्ञानाची ओळख) हा विषय केलाय. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून हा विषय शाळांमध्ये गेला. आमचे सर पहिले तीन आठवडे मशीनला हात लावू देत नसत. खूण करणं, हॅकसॉने (लोखंड कापायच्या करवतीने) कापणं, कानस मारणं, गुण्या लावून काटकोन तपासणं. कंटाळा यायचा, खरं सांगतो. पण होल्डर हातात आला तेव्हा तुकडे नीट बसायचे.

एक युक्ती सांगतो. मशीन बंद, प्लग काढलेला. होल्डरमध्ये रॉडऐवजी पेन्सिल. फळीवर खडूने रेघ मारा आणि फळीच्या एका टोकाखाली वीट द्या. वरच्या टोकाकडून खाली, पेन्सिल रेघेपासून दोन-तीन मिलिमीटर वर धरून, न टेकवता न्यायची. नवशिक्याचा हात आडवा सरकतो पण खाली येत नाही, म्हणून रॉड जळत आखूड झाला की आर्क (रॉड आणि लोखंडामधली विजेची ज्योत) तुटतो. उतारावर हाताला खाली यायची सवय लागते.

वायरमन_भाऊ (तुर्भे)

शाळेच्या साध्या ५ अँपिअरच्या पॉइंटवर लावू नका. २.५ मि.मी.चा रॉड ८० अँपिअरवर चालवला तरी मशीन सॉकेटमधून साधारण १४-१५ अँपिअर ओढतं. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, त्यावर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), आणि पावसाळ्यात पायाखाली कोरडी फळी. अठरा वर्षांखालच्यांना धोकादायक कामाला लावण्यावर कायद्याने बंदी आहे. शिकवणं वेगळं, गेट दुरुस्त करून घेणं वेगळं. सेक्रेटरींना म्हणावं, लेखी द्या. देणार नाहीत.

जुना_टाका

सगळ्यांचे आभार. काल शनिवार झाला. पडदा लावला, मशीनला हात लावला नाही. पेन्सिलीचा खेळ चांगलाच रंगला. सगळ्यांत स्थिर हात एका मुलीचा निघाला. म्हणाली, "सर, रांगोळीत असंच असतं." मग प्रत्येक गटाला २५ × २५ × ३ मि.मी.चा अँगल दिला, कुंडीच्या स्टँडची चौकट आखायला. मीटरला १.१ किलो, सहा मीटरच्या लांबीचं वजन किती, हे पोरांनीच काढलं. तुकडे जमिनीवर मांडले तेव्हा एक जण म्हणाला, गुण्या कशाला, दोन्ही कर्ण मोजू, आयत असेल तर सारखे येतील. त्या गटाच्या चौकटीत चार मिलिमीटरचा फरक होता. कानस घेऊन पुन्हा बसले, आपणहून.

गेट मी स्वतः मुलाला पाठवून करून दिलं, विषय संपवला.

आता एकच अडचण. हातात धरायच्या काचा माझ्याकडे दोनच आहेत, त्यातली एक तडकलेली. ठाणे, कळवा, ऐरोली भागात कोणाच्या गाळ्यात जुन्या पण अखंड काचा पडून असतील तर इथेच लिहा. स्कूटर घेऊन येतो, चहा माझ्याकडून.