भौगोलिक विश्लेषणाची फंक्शनं डेटाबेसमध्येच लिहावीत

रेखांशवेडा
पोस्टजीआयएस (पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशाचा हिशोब शिकवणारी जोड) हाताशी असताना लाखो बहुभुज आधी पायथनमध्ये ओढायचे, तिथे दळायचे आणि निकाल परत टेबलात भरायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला? डेटा तिथे, इंडेक्स (पटकन शोधायची सूची) तिथे, मग हिशोबही तिथेच करा. ‘नदीपासून ५०० मीटरच्या आतली घरं’ एकदा फंक्शनमध्ये बांधली की क्यूजीआयएससारखं नकाशाचं सॉफ्टवेअर असो की वेब नकाशा, सगळीकडे व्याख्या एकच.

उलटतपासणी
असहमत. ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ ही आज्ञा मारली की जुनं फंक्शन गेलं, कोणी बदललं तेही कळत नाही. आमच्याकडे तीन सर्व्हरवर एकाच नावाचं फंक्शन तीन तऱ्हांचं होतं. एका महाभागाने ५०० मीटरऐवजी ०.००५ अंश लिहिलेले. उत्तर-दक्षिण ते साधारण ५५५ मीटर भरतात, पण ६० अक्षांशावर पूर्व-पश्चिम त्याच्या निम्मेच! उत्तरं दिसायला बरी होती, म्हणून तर दोन दिवस कोणाला पत्ता लागला नाही.

रेखांशवेडा
०.००५ पायथनमध्ये लिहिता येत नाही की काय? फंक्शन म्हणजे शेवटी मजकूरच, गिटमध्ये ठेवा, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहते. तुम्ही ठेवला नाहीत, त्याचं खापर डेटाबेसवर का?

खिळेठोक्या
दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय, की डेटाबेसमध्ये टाकलं म्हणजे वेगवान झालं. तसं काही नाही. पीएल/पीजीएसक्यूएलमधलं (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं) फंक्शन प्लॅनरसाठी, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागासाठी, बंद डबा असतो, आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. क्वेरीच्या ‘व्हेअर’ अटीत असं स्वतःचं अंतराचं फंक्शन लावलंत तर ते ओळीगणिक चालतं आणि जिस्ट हा भौगोलिक इंडेक्स बसतो बघत. तेच एका सिलेक्टचं साधं एसक्यूएल फंक्शन असेल, तर प्लॅनर बरेचदा ते उलगडून मूळ क्वेरीतच मिसळतो आणि इंडेक्स कामाला लागतो.

आतही ‘एसटी_डिस्टन्स ५०० पेक्षा कमी’ असं लिहू नका, ‘एसटी_डीविदिन’ वापरा. पहिल्याला इंडेक्स वापरता येत नाही.

आणि लेबलं! काहीच लिहिलं नाही तर फंक्शन ‘व्होलाटाइल’ (उत्तर दर वेळी बदलू शकणारं) आणि ‘पॅरलल अनसेफ’ (अनेक प्रोसेसवर एकदम चालवायला असुरक्षित) धरलं जातं. पहिल्यामुळे टेबल परत करणारं फंक्शन उलगडलं जात नाही, दुसऱ्यामुळे अख्खी क्वेरी एकाच प्रोसेसवर रखडते. सोळा कोर असून काय उपयोग?

उलटतपासणी
म्हणजे माझंच म्हणणं आलं की. एवढं सगळं डोक्यात ठेवणारा माणूस टीम सोडून गेला की पुढे?

रेखांशवेडा
पायथनवाला सोडून जात नाही वाटतं?
बाकी खिळेठोक्या, आत्ताच उघडून पाहिलं. माझी सतरा फंक्शनं, ‘स्टेबल’ (एका क्वेरीत उत्तर न बदलणारं) हे लेबल एकावरही नाही. डिस्टन्सवालीही चार निघाली. मत तेच आहे, फंक्शनं मात्र आज रात्री बदलतो.

उलटतपासणी
बदलायच्या आधी जुनी गिटमध्ये टाका.