पेशंटचा राग माझ्यावरच निघतोय, काय करू?

प्रश्न:
तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. एक पेशंट आहेत, वय ६४, एसटीत ड्रायव्हर होते. गालाचा कॅन्सर, आता उपचार थांबलेत. आठवड्यातून दोनदा घरी जाऊन ड्रेसिंग करते. नाकात नळी, त्यांचं बोललेलं कळत नाही, म्हणून नातवाची पाटी उशाशी असते. परवा पाटीवर लिहिलं, ‘कशाला येता? पैशासाठी?’ आणि पेल्यातलं पाणी अंगावर भिरकावलं. थोरला मुलगा दरवेळी दारातच गाठतो, ‘मॅडम, अण्णांना कळू देऊ नका, जखम भरेल म्हणा.’ मी तसंच म्हणत आलेय. जाणं बंद करावं का?

उत्तर १ (नर्स, १८ वर्षं कॅन्सर वॉर्ड):
रागाचं नंतर बघू, आधी पेशंट बघा. मॉर्फिन दर चार तासांनी घड्याळ लावून देतात, की ‘दुखलं की’? डेक्सा (डेक्सामेथासोन, स्टेरॉइड) संध्याकाळी असेल तर सकाळी करा, नाहीतर माणूस रात्रभर टक्क जागा आणि दिवसभर खेकसतो. पोट कधी साफ झालं? मॉर्फिन चालू तर पोट साफ होण्याचं औषध रोज. जखमेला वास असेल तर मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून ड्रेसिंगमध्ये घाला. तो वास आपल्याला दहा मिनिटं, त्यांच्या चोवीस तास नाकाखाली.

उत्तर २:
डॉक्टर नाही, मुलगी आहे. आई शेवटी सगळ्यांना शिव्या घालायची. एका डॉक्टरांनी खुर्ची ओढून विचारलं, ‘आजी, सगळ्यात जास्त राग कशाचा येतो?’ म्हणाली, ‘हे सगळे बाहेर जाऊन कुजबुजतात.’ आम्ही खाली माना घालून उभे.

उत्तर ३:
आपण होऊन काही सांगू नका, पण खोटंही बोलू नका. त्यांना किती ठाऊक आहे ते विचारा. जखम भरत नाही हे ड्रेसिंग सोडताना त्यांना दिसतंच की.

प्रश्नकर्ती:
आज गेले. मॉर्फिन दिवसातून दोनदाच देत होते, ‘सवय लागेल’ म्हणून! पेटीला हात न लावता आधी बसले. विचारलं, ‘अण्णा, आजार कुठवर आलाय असं वाटतं?’ पाटी बराच वेळ कोरीच. मग लिहिलं, ‘मृत्युपत्र करायचंय. थोरला म्हणतो बरे झालात की बघू.’ पुसून परत लिहिलं, ‘शुद्धीत आहे असा दाखला द्याल?’ थोरला दारातच उभा होता. देईन म्हटलं. पाण्याचा विषय कोणीच काढला नाही. शुक्रवारी वकील येतायत.