मदत हवी आहे: मणक्यासाठी स्टेमसेल कुठे करावं? शुक्रवारच्या आत ठरवायचंय

कलमवाला_देवगड | सकाळी ७:४०
नमस्कार. भावाच्या मणक्याला मार लागलाय. ऑपरेशन झालं, प्लेट-स्क्रू टाकलेत. पाय हलत नाहीत. एका हॉस्पिटलात स्टेमसेलची (मूळ पेशींची) तीन इंजेक्शनं सांगितलीत, साडेसहा लाख. ट्रायल आहे, जागा थोड्या आहेत, शुक्रवारी पन्नास हजार भरा म्हणाले. कोणी केलंय का? याहून स्वस्तात कुठे होतं? ज्यांना माहीत आहे त्यांनीच लिहा. 'धीर धरा' नको, चार महिने तेच ऐकतोय.

फिजिओ_मावशी | ८:०५
कुठला मणका? वय किती? डिस्चार्ज कार्डावर 'एशिया' किंवा 'एआयएस' असं लिहून पुढे मार किती गंभीर ते सांगणारं एक अक्षर असेल, ए, बी, सी किंवा डी. ते कुठलं? लघवीची नळी आहे का? माकडहाडावर जखम?

कलमवाला_देवगड | ८:२२
खालचा मणका. वय २९. बाकीचं कशाला हवंय? पाय हलत नाहीत म्हटलं ना.

नाना_कराड | ८:३१
माझ्या साडूची कंबर पूर्ण धरली होती, उठता येत नव्हतं. केरळात २१ दिवस पंचकर्म केलं, आता शेतात जातो. साडेसहा लाख कशाला घालवता? रोज तेल आणि गरम शेक चालू करा, नसा मोकळ्या होतात.

फिजिओ_मावशी | ८:४०
नाना, साडूची गादी सरकली होती की मज्जारज्जूला मार होता? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि ज्याला कमरेखाली स्पर्शच कळत नाही त्याला गरम शेक? कातडी भाजली तरी पेशंटला कळत नाही. असे भाजलेले पाय मी पाहिलेत. कृपा करून हे लिहू नका.

नाना_कराड | ८:४४
तुम्ही ॲलोपॅथीवाले दुसऱ्याला बोलूच देत नाही.

चाकांवरचा | ९:१०
मी डी१० (पाठीचा दहावा मणका), एशिया ए, बांधकामावरून पडलो, १४ वर्षं व्हीलचेअरवर आहे. मीही स्टेमसेल केलं होतं. नाव काढत नाही, तीन फेऱ्या झाल्या, आईच्या पाटल्या गेल्या. पहिल्या महिन्यात मांडीत मुंग्या आल्यासारखं वाटलं, घरात पेढे वाटले. नंतर काही नाही. ते सेल नीट होते की नव्हते कोण जाणे.
एक सांगतो. ट्रायल असेल तर पेशंटकडून पैसे घेतात कसे? संशोधनाचा खर्च सहभागी माणसावर टाकायचा नाही, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. त्यांना सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. २००९पासून चाचणी तिथे नोंदवणं सक्तीचं आहे. क्रमांक दिला तर साइटवर टाकून पाहा, त्यात पेशंट कोण चालतो, कोण नाही, सगळं लिहिलेलं असतं. नुसती नोंदणी आहे म्हणजे उपाय लागू पडतो असं मात्र नाही.

कलमवाला_देवगड | ९:३५
क्रमांक मागितला तर 'आधी रजिस्ट्रेशन करा' म्हणाले. पण जपानमध्ये पेशंट उभा राहिलाय ना? व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलाय.

तोक्योतली_वैनी | १०:०२
व्हिडिओ पाहिला नाही, पण बातमी बहुतेक केइओ विद्यापीठाची असणार. आयपीएस पेशींची (साध्या पेशींपासून बनवलेल्या मूळ पेशींची) चाचणी, चार पेशंट, निकाल मार्च २०२५ मध्ये सांगितला. एक जण आधाराशिवाय उभा राहिला आणि चालायचा सराव करू लागला, हे खरं आहे. पण तिथे मार लागल्यापासून १४ ते २८ दिवसांतलेच पेशंट घेतले होते, तेही मानेपासून डी१०पर्यंतचे. जपाननेच डिसेंबर २०१८ मध्ये सशर्त मंजुरी दिलेलं दुसरं एक औषध आहे, स्टेमिरॅक, पेशंटच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून शिरेतून देतात. त्याचीही मुदत मार लागल्यापासून ३१ दिवसांची. शिवाय मंजुरी अवघ्या १३ पेशंटांवर दिली, तुलनेला दुसरा गटच नव्हता, म्हणून बाहेरच्या शास्त्रज्ञांनी बरीच टीका केली. पहिल्या काही महिन्यांत थोडी सुधारणा आपोआपही होते, मग श्रेय कुणाला द्यायचं?
तुमचे चार महिने कधीपासूनचे?

कलमवाला_देवगड | १०:३०
एप्रिलमध्ये पडला, हापूस काढताना. म्हणजे तिकडचं गेलंच. कार्ड शोधलं: डी१२ बर्स्ट फ्रॅक्चर, डी१२-एल१, एआयएस ए.

रानमेवा | १०:४१
कलमावर चढताना कमरेला दोर बांधत नाहीत का हो तुमच्याकडे? आमच्याकडे लांब काठीचा झेला घेऊन खालूनच काढतो, वरची फळं सोडून देतो. दरवर्षी कोणी ना कोणी पडतं.

कलमवाला_देवगड | १०:४३
आता दोर सांगून काय उपयोग?

फिजिओ_मावशी | ११:००
डी१२-एल१, म्हणजे पाठीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका. हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मज्जारज्जूचं टोक साधारण एल१च्या आसपास संपतं, त्याखाली नसांचा झुबका असतो. तिथल्या माराचं गणित वेगळं. नसांचा मार असेल तर मांडीत, गुडघ्यात ताकद उशिरानेही येऊ शकते. पाय कडक होऊन झटके येतात की लुळे पडलेत? आणि ते 'ए' कोणी, कधी लिहिलं? पहिल्या आठवड्यात स्पायनल शॉक असतो, माराच्या धक्क्याने खालचं सगळंच तात्पुरतं बंद पडतं, तेव्हाच्या अक्षरावर विसंबू नका. गुदद्वारापाशी टोचलेलं कळतं का, आतून दाब कळतो का, हे तपासल्याशिवाय ए की बी ठरत नाही. कोणी तपासलं का?

कलमवाला_देवगड | ११:१२
पाय लुळे आहेत. दुसरं कोणी तपासलं नाही. असं काय विचारायचं पेशंटला?

चाकांवरचा | ११:१५
विचारायचंच. ए म्हणजे खाली काहीच कळत नाही, बी म्हणजे थोडं तरी कळतं. दोन्हींत आयुष्याचा फरक आहे.

गॅजेट_गुरू | ११:२०
मंडळी, तुम्ही २०१०मध्ये अडकलात. आता मणक्यात इलेक्ट्रोड बसवून करंट देतात. स्वित्झर्लंडमध्ये २०२३ला मेंदू आणि मणका वायरलेस जोडून माणूस चालवलाय. अमेरिकेत डिसेंबर २०२४ला आर्क-एक्स नावाच्या यंत्राला एफडीएची (तिथल्या औषध नियामकाची) मान्यता मिळाली, त्यात तर ऑपरेशनही नाही, कातडीवरूनच करंट. साडेसहा लाखांत ते आणा.

फिजिओ_मावशी | ११:३४
आर्क-एक्स मानेच्या माराला आहे, हाताच्या ताकदीसाठी, तेही ज्यांचा मार अपूर्ण आहे, म्हणजे खाली थोडी संवेदना किंवा हालचाल उरलीय, त्यांना. याचे हात उत्तम आहेत. इलेक्ट्रोडचं म्हणाल तर अमेरिकेतल्या लुइव्हिलचा २०१८चा निबंध वाचा. चार पेशंट, चालू शकले दोन, आणि त्या दोघांना आधीपासून खाली संवेदना होती. एकाला २७८ सत्रं लागली, ८५ आठवडे. एका पेशंटचं सरावात खुब्याचं हाड मोडलं. करंटइतकाच त्यात घाम आहे हो.

गॅजेट_गुरू | ११:३६
म्हणजे चालतं ना शेवटी? मी तेच म्हणतोय.

लष्करी_अण्णा | ११:५०
निराश होऊ नका. मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक आणलं. सांगली जिल्ह्यातले. भावाला त्यांची गोष्ट सांगा. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये आमचे जवान व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात.

चाकांवरचा | १२:०४
अण्णा, आदर आहे, पण प्रत्येक पेशंटला पेटकर व्हायला सांगू नका. मला पहिली दोन वर्षं पदक नको होतं, संडासात एकट्याला जायचं होतं. कलमवाले, तुमच्या संडासाचं दार किती इंच आहे? आमच्या घराचं २२ होतं, खुर्ची जायचीच नाही. साडेसहा लाखांतले थोडे आधी तिथे घाला. आणि कायमची नळी असेल तर दर चार-सहा तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकवा, जंतुसंसर्ग कमी होतो. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारचं फिजिकल मेडिसिनचं हॉस्पिटल आहे, पुनर्वसनाचंच काम करतात.

कलमवाला_देवगड | १२:४०
कायमचीच नळी आहे. दार मोजलं नाही. मुंबईला नेणार कसा, तो बसतच नाही. बसवलं की चक्कर येते, आणि मागे जखम आहे ना.

फिजिओ_मावशी | १२:४२
जखम?? सकाळी आठला विचारलं होतं मी! केवढी? काळी आहे का? वास, ताप?

कलमवाला_देवगड | १२:५५
माकडहाडावर, पाच रुपयांच्या नाण्याएवढी. कडेने काळपट. कालपासून थोडा ताप. पावसाचा असेल. आई रोज हळद लावते. हॉस्पिटलवाले म्हणाले इंजेक्शनने तीही भरून येईल.

चाकांवरचा | १२:५८
असं म्हणाले असतील तर शुक्रवारची वाटही बघू नका, त्यांचा नंबर डिलीट करा. माझा एक मित्र चालता येत नव्हतं म्हणून नाही वारला, जखमेतून विष भिनून वारला.

फिजिओ_मावशी | १:०१
आजच सर्जनला दाखवा, सिव्हिलला नेलंत तरी चालेल. हळद बंद. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा, मोबाइलला गजर लावून. त्या जागेवर अजिबात वजन नको. एअर बेड आहे का? उघडी जखम आणि ताप असताना खरी ट्रायल असती तर त्यांनी याला घेतलंच नसतं. शिवाय आत्ता कसलेही सेल टोचून घेतले, तर पुढे खरी चाचणी निघाली तरी बहुतेक ठिकाणी त्याच कारणावरून नाकारतील.

नाना_कराड | १:१०
जखमेवर कोरफड लावा. केरळचा नंबर व्यनि केलाय.

कलमवाला_देवगड | १:२६
रिक्षा नको म्हणून मामाची ओम्नी सांगितलीय, झोपवून नेतो. एअर बेड नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून स्कूटरची ट्यूब फुगवून जखमेखाली ठेवलीय, जखम अधांतरी राहते. ती गाडीतही ठेवू ना?

फिजिओ_मावशी | १:२७
नाही. आत्ताच्या आत्ता काढा. ट्यूबच्या कडेने रक्त अडतं आणि जखम वाढते. कुशीवर झोपवून न्या, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. आणि डॉक्टरांना सांगा, गुदद्वाराची तपासणी करून एशियाचं अक्षर पुन्हा लिहा. लाजू नका.

कलमवाला_देवगड | १:३१
काढली. निघतोय.